पाचोडहून आणलेला पोपट

पोपटांचं काम म्हणजे मुख्यतः धुण्याचं काम. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी उठलं की पाण्याच्या वाट्या, मग खाण्याच्या ताटल्या, मग बसायच्या फांद्या, मग खाली अंथरलेले कागद. कागद गुंडाळून टाकण्याआधी नीट बघावे लागतात. विष्ठेचा रंग बदललेला दिसला तर त्यातला आजारी कोण, हे दुपारच्या आत हुडकावं लागतं, कारण पोपट आजार लपवतो. अंग फुगवून, डोळे मिटून बसलेला दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्यानंतर भिजवलेले हरभरे, पेरूच्या फोडी, हिरव्या मिरच्या, शेवग्याच्या शेंगा. हे सगळं चिरून होईस्तोवर बोटाला कुणीतरी चावलेलं असतंच. माझ्या उजव्या अंगठ्यावर आता सरळ कातडीच उरलेली नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. आमचं घर शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला. मागं मोकळी जागा होती, तिथं माझ्या नवऱ्यानं लोखंडी अँगल आणि जाळी आणून एक मोठं जाळीघर उभं केलं. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, पण वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेणं त्याला आवडायचं. सुरुवात झाली ती संक्रांतीला कॉलेजच्या आवारात पडलेल्या एका पोपटापासून. मांजानं त्याचा पंख खांद्यापासून कापला होता. तो चार दिवस जगला. पण तोवर कॉलेजात सगळ्यांना कळलं होतं की बाईंच्या घरी पोपट घेतात. मग वन खात्यात रीतसर नोंद केली, आणि येणारे येतच राहिले.

कुणी बुटांच्या खोक्यात आणायचं, कुणी हेल्मेटात, एका आजींनी तर पदरात बांधून आणला होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळेही न उघडलेली पिल्लं यायची, झाडाच्या ढोलीतून काढून विकायला नेलेली. त्यांना कुणीतरी दूध-पाव भरवलेला असायचा. दुधानं त्यांचं पोट सडतं. दर दोन तासांनी सिरिंजनं भरवत बसलं तरी निम्मी जायची. कात्रीनं पंख छाटलेले यायचे, वर्षानुवर्षं चहा-बिस्किटं खाऊन यकृत खराब झालेले यायचे, इतक्या लहान पिंजऱ्यात वाढलेले यायचे की शेपटीचं पीस म्हणून राहिलेलं नसायचं. जनावरांच्या दवाखान्यातले एक डॉक्टर ड्युटी संपली की येऊन जायचे. "बाई, मला गायी-म्हशींचं विचारा," असं दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी पुस्तक वाचून आलेले असायचे.

हे सगळं बघून त्या वर्षांत मला राग फार यायचा. पिंजरा दिसला की माझ्या डोक्यात सणक जायची. समोर कोण माणूस आहे, हे मग मला दिसायचं नाही. पाचोडला नेमकं तेच झालं.

एका जुन्या विद्यार्थिनीचं लग्न होतं, दिवाळीनंतर. लग्न लावून आम्ही निघालो तर बाजाराचा दिवस. गाडी पुढं सरकेना. नवरा गाडीतच बसला आणि मी पाय मोकळे करायला उतरले. भाजीच्या पालांच्या मागं एक पिंजाऱ्याचं दुकान होतं. दारात गाद्यांची चळत, आत कापसाचा ढीग, आणि दाराच्या चौकटीला टांगलेला पिंजरा. त्यात गळ्याला गुलाबी-काळा कंठ असलेला मोठा नर. पिंजरा एवढासा की त्याला वळायचं म्हटलं तर शेपटी दुमडायला लागायची.

दुकानात सत्तरीचा एक म्हातारा उशी शिवत बसला होता. अंगात पांढरा सदरा, दाढीत कापसाचे तंतू अडकलेले.

"चाचा, हा पोपट कुठून आणला?" मी विचारलं.

"आणला नाय बाई, घरचाच हाय. अठरा साल झाले."

"पोपट पाळणं गुन्हा आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

ते आधी हसले. मी थट्टा करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मी हसले नाही. मी कायदा सांगितला, दंड सांगितला, तुरुंगवास सांगितला. वर्गात सांगते तसं, एकेक मुद्दा करून. बाजारातली दोन-चार माणसं थांबून ऐकायला लागली होती. ते दिसल्यावर माझा आवाज आणखी चढला, हे मला आज पक्कं आठवतं.

म्हाताऱ्यानं सुई उशीत खोचून ठेवली. "कैद व्हती याच्यापायी?"

"होऊ शकते."

"आमच्या खानदानात कुनी पोलीस चौकी बघितली नाय, बाई." त्यांनी थांबलेल्या माणसांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मग काय करायचं म्हन्ता?"

"मला द्या. मी हेच काम करते. बरा करून सोडते त्यांना."

त्यांनी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. ते उठले, पिंजरा खाली काढला, त्यावर एक फडकं घातलं आणि फडक्याची चारी टोकं सावकाश बांधली. एक गाठ दोनदा सुटली. मी ते वयामुळं म्हणून सोडून दिलं.

"मिरची बारकी देत जा," ते म्हणाले. "मोठी घेत नाय त्यो. आन् सांजच्याला अंगावर पानी शिंपडायचं, नाहीतर झोपत नाय."

"चाचा, मला येतं सगळं."

"व्हय. तुम्ही शिकलेल्या-सवरलेल्या." ते बाजूला झाले.

गाडी गावाबाहेर पडल्यावर मागच्या सीटवरून आवाज यायला लागला. टण्ण, टण्ण, मग एक लांब कंप. नवऱ्यानं गाडी हळू केली. "हा धनुकलीचा आवाज आहे," तो म्हणाला. "कापूस पिंजायची तार. लहानपणी दारावर पिंजारी यायचा तेव्हा ऐकलाय मी." अठरा वर्षं त्या दुकानात राहून पोपट एक शब्द शिकला नव्हता, तारेचा आवाज मात्र हुबेहूब काढत होता. वाटेतल्या आडुळ गावापर्यंत तो वाजत राहिला. मग गप्प झाला.

जाळीघरात सोडल्यावर बाकीचे पोपट त्याच्याभोवती जमले. नवा आला की जमतातच. हा किंचाळला, फांदीवरून खाली पडल्यासारखा उतरला आणि जमिनीवरून चालत कोपऱ्यात गेला. त्याच्या जातीचं कुणी त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीकडं तोंड करून तो उभा राहिला. मी आत गेले की मात्र तुरुतुरु चालत यायचा, माझ्या साडीला चोच लावून वर चढायचा आणि खांद्यापर्यंत पोचायला बघायचा. मी त्याला दर वेळी काढून खाली ठेवायचे. माणसाची सवय मोडल्याशिवाय पक्षी बाहेर जगत नाही, हा माझा नियम होता आणि नियम म्हणून तो चूक नव्हता. सातव्या-आठव्या दिवशी तो छातीवरची पिसं उपटायला लागला.

त्याच आठवड्यात म्हातारे आले. पाचोडहून एसटीनं शहरातल्या क्रांती चौकापर्यंत आणि तिथून विचारत विचारत. पत्ता त्यांनी लग्नघरातून घेतला होता. फाटकाशी उभे राहून त्यांनी एक पुरचुंडी पुढं केली.

"ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा हाय. वरचा. त्येवढाच खातो त्यो."

"इथं त्याला नीट आहार देतोय आम्ही."

"व्हय, व्हय. तुम्ही देताच." ते घुटमळले. "लांबून बघितला तर चालंल का? आवाज करत नाय मी."

मी नाही म्हटलं. तुम्हाला पाहिलं की त्याची सवय मोडणार नाही, त्याच्याच भल्यासाठी सांगते, असं सगळं समजावलं. ते ऐकत होते आणि मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली. घराच्या मागून लगेच आवाज सुरू झाला. टण्ण, टण्ण, टण्ण. दहा दिवसांत त्यानं तो एकदाही काढला नव्हता.

म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. "वळखलं की त्यानं!"

"म्हणूनच तुम्ही जा चाचा," मी म्हणाले.

ते गेले. पुरचुंडी फाटकाच्या खांबावर ठेवून गेले. मागचा आवाज बराच वेळ चालू होता.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. या वेळी त्यांनी आत यायचं विचारलंही नाही. पिशवीतून एक जुना सदरा काढला, कॉलर विरलेली, डाव्या बाजूला शिवण उसवलेली. "ह्यो त्याच्याजवळ ठिवा. याच्यावरच झोपतो त्यो. माझी मंडळी गेल्यापासून दुसऱ्या कशावर झोपत नाय." मी सदरा घेतला आणि बरं म्हटलं. ते निघून गेल्यावर तो सामानाच्या खोलीत फळीवर ठेवला.

जेवताना नवरा म्हणाला, "पाच मिनिटं आत घेतलं असतंस त्यांना, तर काय बिघडलं असतं?"

"तुम्हाला नाही कळत त्यातलं."

ताटातली भाजी त्यानं तशीच ठेवली.

त्यानंतर म्हातारे आले नाहीत. महिनाभरानं एक फोन आला, शेजारच्या किराणा दुकानातून करत होते. मी सांगितलं, आता खातो, पिसं उपटणं थांबलंय, इतरांच्यात बसतो.

"तारेचा आवाज काढतो का?"

"नाही आता. आता पोपटासारखा ओरडतो." हे मी अभिमानानं सांगितलं.

मग ते म्हणाले, "बरं. ठीक हाय मग."

खरंच तो सुधारला होता. छातीवर नवी पिसं आली. थंडी सरता सरता तो जाळीघराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उडायला लागला, आधी धापा टाकत, मग सफाईनं. रोज सकाळी समोरच्या कडुनिंबावर रानपोपटांचा थवा उतरायचा तेव्हा आमचे आतून ओरडायचे, त्यात हाही असायचा. डॉक्टरांनी त्याला हातात धरून पंख पसरून पाहिले. "तब्येत फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "माणसाकडं येतो का अजून?"

"महिन्याभरात एकदाही नाही."

हे खरं होतं. पण त्या महिन्याभरात माणूस त्याच्याजवळ गेलाच नव्हता. सोडायच्या पक्ष्यांचा कप्पा जाळीघरात वेगळा होता आणि तिथं ताटल्या आम्ही बाहेरूनच खिडकीतून सरकवत होतो, तशीच पद्धत होती. तो माणसाकडं येतो की नाही, हे बघायचं असेल तर आत जाऊन उभं राहायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मला वाटतं, उत्तर काय येईल याची मला कुठंतरी भीती होती. डॉक्टर माझ्या शब्दावर गेले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी आम्ही त्या कप्प्याची वरची झडप उघडली. चार जण होते त्या खेपेला. तिघं लगेच गेले. हा झडपेच्या कडेवर बसून राहिला, मान वाकडी करून एकदा आभाळाकडं, एकदा आमच्याकडं पाहिलं, आणि उडाला. कडुनिंबावर गेला, तिथून थव्याबरोबर दौलताबादच्या दिशेनं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नवरासुद्धा टाळ्या वाजवत होता. दिवसभर मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, अठरा वर्षं पिंजऱ्यात काढलेला पक्षी आज उडाला.

झडपेशी आम्ही ताटली ठेवली होती, भूक लागली तर परत यावेत म्हणून. तिघांतला एक दोन दिवस येऊन खाऊन गेला. हा आला नाही. मला ते चांगलं लक्षण वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पडेगावच्याच मेन रोडवर एक रसवंती आहे, तिचा मालक आमच्याकडं कधीकधी जखमी पक्षी आणून देई. "मॅडम, तुमचाच असंल. गिऱ्हाइकांच्या अंगावर येऊन बसतोय. लवकर या."

मी तशीच चपला घालून निघाले. घरापासून चालत दहा मिनिटं. मी पोचले तेव्हा रसवंतीचं घुंगराचं चाक थांबलेलं होतं आणि पाच-सहा माणसं रस्त्याच्या कडेला वाकून उभी होती.

काय झालं ते मालकानं सांगितलं. पोपट सकाळपासून समोरच्या भिंतीवर होता. कावळे त्याला टोचत होते. मग तो रसवंतीत आला, बाकड्यावर बसलेल्या एकदोघांकडं गेला, लोक हसले, कुणी त्याला उसाचा तुकडा दिला. मग तो उडून रस्त्याच्या बाजूला तोंड करून बसलेल्या एका माणसाच्या खांद्यावर मागून बसला. त्या माणसानं त्याला आधी पाहिलेलं नव्हतं. अंगावर काहीतरी पडलं म्हणून त्यानं दचकून हातानं झटकलं. पोपट रस्त्यावर पडला, आणि मागून रिक्षा आली.

तो माणूस तिथंच होता, तिशीचा, मजुरी करणारा असावा. "मला काय म्हाईत हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पाखरू हाय म्हाईत असतं तर झटकलं असतं का मी?" मी त्याला म्हटलं, तुमची काही चूक नाही. ते मी मनापासून म्हटलं, कारण चूक कुणाची होती ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं.

मी पोपटाला ओढणीत घेऊन घरी आणलं. तो अजून गरम होता. नवऱ्यानं अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा केला. मी सामानाच्या खोलीत गेले, फळीवरून तो सदरा काढला आणि त्यात त्याला गुंडाळलं. तीन महिने तो सदरा तिथं घडी करून पडला होता. नवऱ्यानं पाहिलं, पण मला काही म्हणाला नाही. त्याचे उपकार मी आजवर फेडलेले नाहीत.

पाचोडला जायला मला आठ दिवस लागले. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी कारण काढायची. पिल्लांचा हंगाम होता, कारणांना तोटा नव्हता. शेवटी एका सकाळी एकटीच एसटीत बसले. नवरा गाडी काढतो म्हणाला, मी नको म्हटलं.

बाजाराचा दिवस नव्हता. दुकानापुढं शुकशुकाट. म्हातारे गादीला टाके घालत बसले होते. मला पाहून उठले, स्टूल पुसून पुढं केलं, समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. मी घेतला नाही तर त्यांना वाईट वाटेल म्हणून कप हातात धरून बसले.

"उडाला का?" त्यांनीच विचारलं.

"उडाला चाचा. चांगला उडाला."

"मला वाटलंच." त्यांना खरोखर आनंद झाला होता. "दोन दिस झाले, मनात यायलंय, सुटला असंल."

त्या जागी थांबता आलं असतं. मला मोह झाला, हे लपवत नाही. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला ते जमलं नाही. मी सगळं सांगितलं. झडप, तिसरा दिवस, रसवंती, तो माणूस, रिक्षा. सांगताना मी त्यांच्याकडं न बघता कापसाच्या ढिगाकडं बघत होते.

त्यांनी अंगावरचे कापसाचे तंतू एकेक करून वेचले. मग म्हणाले, "कोन्या खांद्यावर बसला व्हता त्यो? त्या मानसाच्या?"

मला ते दिसलं नव्हतं, पण रसवंतीवाल्यानं हात करून दाखवलं होतं. "डाव्या."

त्यांनी मान हलवली. "उजव्या हातानं तार वाजायची ना माझी. हिकडं बसायचा मग." त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच राहू दिला.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. अठरा वर्षांपूर्वी रस्त्यासाठी गावाबाहेरचा एक जुना वड पाडला. झाडाबरोबर ढोली फुटली, त्यातली दोन पिल्लं मेली, एक जिवंत होतं. त्यांच्या बायकोनं ते ओटीत घालून आणलं. हरभऱ्याची डाळ भिजवून, चावून बारीक करून भरवलं. तिला मूल नव्हतं झालं. पंख फुटल्यावर त्यांनी त्याला दोनदा शेतात नेऊन सोडलं, दोन्ही वेळा तो त्यांच्या आधी घरी येऊन आढ्यावर बसला होता. पिंजरा फक्त बाजाराच्या दिवसापुरता होता. त्या दिवशी माणसांची वर्दळ, कुत्री, म्हणून. एरवी तो दुकानभर मोकळा असायचा. बायको गेली तेव्हा तीन दिवस त्यानं काही खाल्लं नव्हतं.

"हे तुम्ही मला सांगायचं होतं चाचा," मी म्हणाले. "त्या दिवशीच."

"तुम्ही इचारलं नाय, बाई." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "आन् तुम्ही कैदेचं बोलल्या. मानसं उभी व्हती. मला काय सुचलंच नाय."

माझ्या हातातला चहा गार झाला होता. मी रडायला लागले. दुसऱ्याच्या दारात, नुकसान त्यांचं झालेलं असताना मी रडत होते, याची लाज वाटत होती आणि थांबवता येत नव्हतं. त्यांनी मला रडू दिलं.

"तुमची चूक नाय असं नाय म्हननार मी," ते शेवटी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पन वाईट करायला आल्या नव्हत्या तुम्ही, येवढं मला कळतंय." मग थोड्या वेळानं, "सदरा दिला व्हता ना त्याला?"

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"दिला होता," मी म्हणाले.

"बरं केलं," ते म्हणाले. "लई बरं केलं. तेवढं तरी व्हतं त्याच्याजवळ."

त्या दिवशी मी त्यांना सगळं खरं सांगितलं, हे एवढं सोडून. कुणी म्हणेल, ते खोटंही नव्हतं. मला माहीत आहे ते काय होतं.

निघताना मी त्यांना म्हटलं, कधीही या, आमच्याकडं असे पुष्कळ आहेत, ज्यांना माणूसच हवा असतो, तुमच्यासारखा माणूस त्यांना मिळाला तर फार बरं होईल. त्यांनी हात जोडले. "नको बाई. आता नको." ते मला सोडायला स्टँडपर्यंत आले, गाडी लागेपर्यंत उभे राहिले, आणि खिडकीत जागा मिळाली का ते बघून मग गेले. पुढं दीडएक वर्षानं मी पाचोडवरून जात असताना उतरले तर दुकानाचं शटर बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, डोळ्यांनी दिसेनासं झालं म्हणून पुतण्या अंबडला घेऊन गेला. मी अंबडला गेले नाही. जाऊन काय बोलणार होते?

काम मी सोडलं नाही. त्यानंतरचे पहिले काही महिने मी ते केवळ सवयीनं करत होते. फोन आला की तो नवऱ्याला घ्यायला लावायची. पण पक्षी यायचे थांबत नाहीत, आणि आलेल्याला मिरची चिरून द्यावीच लागते. काही गोष्टी मात्र बदलल्या. कुणी पोपट घेऊन आलं की आता मी आधी त्यांना बसवते, पाणी देते, आणि पोपटाविषयी नाही, त्यांच्याविषयी विचारते. कायदा आहे तोच आहे, तो मी सांगते, पण सगळ्यात शेवटी, आणि आवाज खाली ठेवून. जाळीघराजवळ एक बाकडं टाकलंय. ज्यांचा पक्षी आमच्याकडं आहे त्यांनी वाटेल तेव्हा येऊन बसावं. काहीजण एकदा येऊन परत फिरकत नाहीत. एक निवृत्त मास्तर मात्र दर रविवारी वर्तमानपत्र घेऊन येतात आणि मोठ्यानं वाचून दाखवतात.

सोडायच्या आधी मी आता आत जाऊन उभी राहते. एकदा नाही, आठवडाभर रोज. जो माझ्याकडं येतो त्याला सोडत नाही. असे आता बरेच साठलेत. त्यांना रानपोपट म्हणता येत नाही, घरचेही म्हणता येत नाही. सकाळी समोरच्या झाडावर थवा उतरतो तेव्हा ते गप्प बसून ऐकतात. तो गेला की माझ्याकडं सरकतात.

मी आता एकसष्ट वर्षांची आहे. नवऱ्याचे गुडघे गेलेत, त्याला शिडी चढता येत नाही. डॉक्टरांची बदली होऊन बरीच वर्षं झाली, नवे डॉक्टर फोनवर सल्ला देतात. आणि यातले काही पोपट इतके तरुण आहेत की ते आणखी वीस-पंचवीस वर्षं सहज काढतील. आम्ही तेवढे नाही काढणार. एका माणसाला मुकून ते इथं आले, आता आम्हाला लळा लावून बसलेत, आणि आम्ही गेल्यावर ते कुणाच्या खांद्याकडं बघतील, हा प्रश्न भांडी घासताना, कागद बदलताना, कधीही समोर येऊन उभा राहतो. माझे जुने विद्यार्थी भेटले की मी त्यांना विचारते, घेशील का रे हे काम? त्यांच्या नोकऱ्या आहेत, फ्लॅट आहेत, लहान मुलं आहेत. "बघू ना बाई," असं म्हणतात, आणि त्यांना खरंच वाईट वाटतं, ते मला दिसतं. परवा एकीनं फोन करून सांगितलं की दोघांना घेईन, जास्त नाही. कोणते दोघं द्यायचे, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.